परक्याने तुमच्या ईमेलवर खातं उघडलं, म्हणून आपलं जीमेल पुसू नका

गेल्या रविवारी मिरजेहून मावशीचा फोन आला. “अगं, ते जीमेल मी काढून टाकलं. पण आता नातवाचे फोटो दिसत नाहीत गं.” तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता, तो वाचून तिने हे केलं. तोच मेसेज मला दोनदा आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. ते आता सलतंय.

मेसेज थोडक्यात असा: ‘तुम्ही न उघडलेल्या खात्याचा वेलकम मेल आला तर तुमचा ईमेल हॅक झाला समजा. गूगल आता एकच पत्ता दोघांना देतं. त्या ईमेलवर कर्ज काढलं तर वसुली तुमच्या दारात येईल. मेलमधल्या लिंकवर जाऊन ते खातं बंद करा आणि आपलं जीमेल कायमचं डिलीट करा.’

शेवटचं आधी घेते, कारण खरं वाटोळं त्यानेच होतं. तुम्ही जीमेल डिलीट केलंत म्हणून त्या परक्याचं खातं बंद होत नाही. ते त्या कंपनीकडे तसंच चालू राहतं, फक्त तुम्हाला त्याची खबर लागायची थांबते. आणि तुमचं काय जातं? गूगल खातं काढलं की मेलबरोबर फोटो आणि ड्राइव्हवरचे कागदही जातात. मावशीची बँकेची स्टेटमेंट, विम्याची पावती, पेन्शनचा पत्रव्यवहार, सगळं त्याच पत्त्यावर. उद्या बँकेचा पासवर्ड विसरली तर नवा करायची लिंक जिथे यायची, तो पत्ताच उरला नव्हता. नशीब, जेमतेम तीन तास झाले होते. नुकतंच काढलेलं खातं गूगलच्या रिकव्हरीच्या पानावरून परत मिळू शकतं. मी फोनवरून एकेक पायरी सांगत होते आणि ती डायरीची पानं उलटत जुना पासवर्ड शोधत होती. सापडला, खातं परत आलं. महिना उलटून गेला असता तर? हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता ‘हॅक झाला’. तिला आलेले मेल मी पाहिले. खाणं घरपोच देणाऱ्या एका कंपनीचे होते. दोन प्लेट मोमो, एक थंड पेय, पत्ता गुरुग्रामचा. मावशीचं आडनाव उत्तरेतही आहे, तिकडच्या कुणीतरी नाव-आडनाव जोडून आपला समजून हिचा पत्ता टाकलेला. फॉर्मवर ईमेल लिहायला त्याचा पासवर्ड लागत नाही. ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी असलेल्या दुकानांत ज्याला ईमेल नाही त्याच्या रकान्यात काहीतरी ठोकून दिलेलं मी समोर उभं राहून पाहिलं आहे, कारण तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. पत्ता पडताळून न बघता खातं चालू करून देणाऱ्या कंपन्यांना जाब विचारायला हवा. मनात शंका असेलच तर गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन कोणकोणत्या फोनवर लॉगिन आहे ते बघा. अनोळखी फोन दिसला तर पासवर्ड बदला.

एकच पत्ता दोघांना? साफ खोटं. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही, म्हणून नुसता टिंबाचा फरक करून तुमचा पत्ता दुसऱ्याला मिळत नाही. गूगलच्या मदतपानावरच तसं लिहिलंय. टिंब घालून, गाळून, कसाही लिहिला तरी पत्ता तुमचाच आणि मेल तुमच्याकडेच. समोरच्याला तुमचा एकही मेल दिसत नाही.

कर्जाचं म्हणाल तर ते पॅन आणि केवायसीवर मिळतं, नुसत्या ईमेलवर नाही. मेलमध्ये तुमचा पॅन किंवा मोबाइल नंबर दिसला, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी (66C) खाली दुसऱ्याची ओळख फसवणुकीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, फुकट मिळतो, तोही मागवून बघा.

राहिली लिंक. त्या मेलमधलं ‘कन्फर्म’ दाबलंत तर परक्याच्या खात्यावर तुम्हीच शिक्का मारता. दाबू नका.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. असं खातं अगदीच निरुपद्रवी असतं असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागाच्या पाठबळावर झालेलं एक संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. ७५ लोकप्रिय सेवा तपासल्या, त्यांतल्या किमान ३५ सेवांमध्ये अशा आधीच उघडलेल्या खात्याचा गैरफायदा घेता येईल अशी एक ना एक खोट सापडली. त्यातला एक प्रकार असा: कुणीतरी तुमच्या ईमेलवर आधीच खातं उघडून ठेवतो. पुढे कधीतरी तुम्ही त्याच ठिकाणी ‘गूगलने साइन इन’ करता, कंपनी दोन्ही खाती एक करते आणि त्याचा जुना पासवर्ड चालूच राहतो. तुम्ही भरलेलं सगळं त्याला दिसतं. कुठल्या ना कुठल्या प्रकारची खोट सापडलेल्या त्या ३५ सेवांत ड्रॉपबॉक्स, लिंक्डइन, झूम अशी नावं होती. म्हणून परक्याने उघडलेल्या खात्यात आपला पत्ता किंवा कार्ड भरायचं नाही. आणि पाच-दहा मिनिटांत असे शेकडो मेल धडाधड आले, तर त्या ढिगात बँकेचा किंवा खरेदीचा एखादा मेल दडलाय का, ते आधी शोधा. चोर कधीकधी तो लपवण्यासाठीच हा पूर आणतात.

मावशीच्या वतीने मी त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं: हे खातं आमचं नाही, आमचा पत्ता त्यातून काढा. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘पडताळणीसाठी खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कळवा.’ तो नंबर गुरुग्रामच्या त्या माणसाचा आहे, आम्हाला कुठून माहीत असणार? तसं पुन्हा लिहिलंय. काल रात्री मावशीच्या मेलवर आणखी एका ऑर्डरची पावती आली.