सात कम्प्युटर आणि एक फॉरवर्ड

आमच्या उलव्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर हल्ली पाणी आणि पार्किंगच्या बरोबरीने विमानांची चर्चा चालते. २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि गच्चीवर कपडे वाळत घालणारा प्रत्येक जण तज्ज्ञ झाला. त्यात गेल्या आठवड्यात ‘अत्यंत महत्त्वाचे, सर्वांना पाठवा’ असा एक मेसेज चार जणांनी चार वेळा टाकला. बी विंगच्या काकूंनी तर मला लिफ्टपाशीच गाठलं. “अहो, लेकीकडे नागपूरला जायचंय रविवारी. तिकीट रद्द करू का?” मी एकवीस वर्षं मुंबईच्या हँगरमध्ये एव्हिऑनिक्सची, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सची, कामं केली, बहुतेक एअरबसच्या ए३२० विमानांवर. त्यामुळे उत्तर द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

मेसेजमधली उद्गारचिन्हं काढून टाकली तर पाच मुद्दे उरतात. नव्या विमानात दांड्यापासून पंखापर्यंत केबलच नसते, करंट गेला की विमान दगडासारखं खाली. विमान कम्प्युटर उडवतो, पायलट नावाला. कम्प्युटर हँग झाला की खेळ खलास, आणि सूर्याच्या किरणांनी तो हँग होतो हे कंपनीनेच कबूल करून सहा हजार विमानं थांबवली. बोइंगमध्ये पायलट मालक असतो, एअरबसमध्ये कम्प्युटर, म्हणून बोइंग बघूनच तिकीट काढा. आणि शेवटी, प्रवाशाच्या मोबाइलवरून विमान हॅक होतं.

केबलपासून सुरू करू. साइडस्टिक, म्हणजे पायलटच्या हाताशी असलेला दांडा, तिच्यापासून पंखापर्यंत केबल नसते, हे खरं. ए३२० हे डिजिटल फ्लाय-बाय-वायरवर चालणारं पहिलं प्रवासी विमान, ते पहिल्यांदा उडालं २२ फेब्रुवारी १९८७ला. साइडस्टिक हलली की वायरमधून सिग्नल कम्प्युटरकडे जातो. तो हिशेब करतो आणि पंखाच्या मागच्या कडेला जो हलता फळा असतो, एलेरॉन, त्याच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, जॅकला हुकूम सोडतो. पण ‘केबल होती तेव्हा कसं भक्कम होतं’ हा जो सूर मेसेजभर लावलाय, तो ऐकून हसू येतं. मोठ्या जेट विमानांत ती केबलही बहुतेक ठिकाणी हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हपर्यंतच जायची. ताशी आठशे किलोमीटरच्या वाऱ्याविरुद्ध एवढे फळे हलवायचे तर माणसाचं मनगट कुठे पुरणार? १९ जुलै १९८९ला अमेरिकेत युनायटेडच्या डीसी-१० विमानाचं शेपटातलं इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिम निकामी केल्या. केबलवाल्या विमानातलं पायलटसमोरचं चक्र फिरवून काहीही हलेना. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत त्या लोकांनी ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत कसं आणलं, हे आजही आमच्या धंद्यात सांगतात.

आता करंट. आपल्याकडे लाइट गेली की लिफ्ट मध्येच अडकते, त्यामुळे हा मुद्दा लोकांना लगेच पटतो. विमानात दोन इंजिनांवर दोन जनरेटर असतात आणि त्यातल्या एकावरही भागतं. शेपटात एपीयू नावाचं छोटं इंजिन असतं, त्याचा तिसरा. शिवाय बॅटऱ्या. हे जनरेटर बंद पडले तर पोटाखालून एक छोटा पंखा आपोआप बाहेर पडतो, ज्याला आम्ही रॅट म्हणतो. तो समोरच्या वाऱ्यावर गरगर फिरतो, निळ्या हायड्रॉलिक सिस्टिमला (तिन्ही सिस्टिमना रंगांची नावं आहेत: हिरवी, निळी, पिवळी) दाब देतो आणि त्या दाबावर आणीबाणीचा जनरेटर चालतो. मधल्या काही सेकंदांपुरत्या निवडक कम्प्युटरना बॅटऱ्या पुरतात. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी घुसून ए३२०च्या दोन्ही इंजिनांचा जोर गेला. कॅप्टन सलेनबर्गर यांनी एपीयू चालू केलं आणि विमान हडसन नदीत उतरवलं. १५५ माणसं, सगळी वाचली. त्या विमानाची फ्लाय-बाय-वायर पाण्याला टेकेपर्यंत काम करत होती.

‘कम्प्युटर उडवतो’ म्हणणाऱ्याने दोन गोष्टींची खिचडी केलीय. ऑटोपायलट वेगळा, फ्लाय-बाय-वायर वेगळी. ऑटोपायलट पणजोबांच्या काळातला आहे. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरीने विमान उडत असताना दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले होते, तेव्हा कम्प्युटर हा शब्दही या अर्थाने नव्हता. पायलट हाताने विमान चालवत असतानाही फ्लाय-बाय-वायर मध्ये असतेच. पाम बीच रोडवर भर पावसात कचकन ब्रेक दाबला तर एबीएस चाक अडकू देत नाही, ब्रेक सोडतं-धरतं. म्हणून गाडी एबीएसने चालवली असं कोणी म्हणतं का? साइडस्टिक डावीकडे झुकवली म्हणजे ‘या वेगाने डावीकडे कलू दे’ असं सांगणं. कुठला फळा किती उचलायचा हे कम्प्युटर बघतो. मर्यादा आहेत. ६७ अंशांपलीकडे तो विमान कलू देत नाही आणि पंखांचे फ्लॅप आत घेऊन उडताना वजनाच्या अडीच पटीपेक्षा जास्त ताण घेऊ देत नाही. आपण खिडकीतून ‘बापरे, केवढं वाकलं’ म्हणतो ते पंचवीस-तीस अंश असतात. बाकी कुठे जायचं, कधी वळायचं, उतरायचं की पुन्हा वर घ्यायचं, हे सगळं माणसाचंच. टेकऑफ हाताने होतो. दाट धुक्यात सोय असलेल्या धावपट्टीवर विमान आपोआप उतरतं, एरवी बहुतेक लँडिंगही हातानेच.

आता ‘हँग झाला की संपलं’. कुठला हँग झाला, ते आधी सांगा! ए३२०मध्ये हे काम सात कम्प्युटर करतात: दोन एलॅक (एलेरॉन आणि एलिव्हेटरसाठी), तीन सेक (स्पॉयलर आणि एलिव्हेटरसाठी), दोन फॅक (मुख्यतः रडरसाठी). एलिव्हेटर म्हणजे शेपटातला, नाक वर-खाली करणारा फळा; स्पॉयलर म्हणजे पंखावर उभे राहणारे फळे; रडर म्हणजे उभ्या शेपटाचा फळा. एलॅक आणि सेक मुळात वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवले, एकात मोटोरोलाची चिप तर दुसऱ्यात इंटेलची. त्यावर प्रत्येक डबा आतून दोन भागांचा. एक भाग हुकूम देतो, दुसरा स्वतंत्रपणे लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर तेच गणित करून बघतो. उत्तरं जुळली नाहीत तर तो डबा स्वतःहून बाजूला होतो. सासू-सुनेचे दोन वेगळे हिशेब असतात ना वाण्याच्या वहीचे, तसं. ज्यांनी हे बनवलं त्यांचाच कम्प्युटरवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून तर सात बसवले.

नवीन मुलं शिकायला आली की मी त्यांना एक खेळ दाखवायचो. विमान जमिनीवर, हायड्रॉलिकचा दाब चढवलेला, खाली हेडसेट लावलेल्या माणसाने ‘क्लिअर’ म्हटलेलं (हे विसरलात तर खाली उभ्या माणसाचं डोकं फुटू शकतं). एका मुलाने साइडस्टिक पूर्ण डावीकडे धरून ठेवायची. डोक्यावरच्या पॅनलवर मी एलॅक १चं बटण बंद करायचो. ‘टिंग’. स्क्रीनवर पिवळी अक्षरं. एलेरॉन जागचा हलत नाही, कारण एलॅक २ने तो पकडलाय. मग एलॅक २ही बंद. एलेरॉन सैल पडतो, पण डाव्या पंखावरचे स्पॉयलर उभेच, कारण ते सेककडे. शेपटाचा एलिव्हेटरही आता सेकने उचललेला. मग एकेक करत तिन्ही सेक बंद. इथे पोरांचे चेहरे पडायचे. तेव्हा मी त्यांना मधल्या कन्सोलवरचं ट्रिमचं, म्हणजे नाक वर-खाली तोलून धरणारं, चाक हाताने फिरवायला लावायचो. त्या चाकाखाली खरीखुरी केबल आहे, आडव्या शेपटापर्यंत गेलेली. पायाखाली रडरचे पेडल, त्यांनाही केबल. मेसेज जिच्या नावाने गळा काढतो ती तिथे बसलीय. तिच्यावर कोणी लँडिंग करावं अशी अपेक्षा नाही. कम्प्युटर पुन्हा चालू होईपर्यंत विमान सावरून धरायला ती पुरते.

सूर्याच्या किरणांचं मात्र तसं सोडून देता येणार नाही. इथे मेसेजवाल्याला मी अर्धे गुण देतो. ३० ऑक्टोबर २०२५ला जेटब्लूच्या ए३२०चं नाक उडता उडता अचानक खाली गेलं, काही प्रवासी जखमी झाले, विमान टँपाला उतरवावं लागलं. २८ नोव्हेंबरला एअरबसने सांगितलं की तीव्र सौर प्रारणामुळे एलॅकमधला डेटा बिघडू शकतो, आणि सुमारे ६,००० विमानांवर दुरुस्ती करायला लावली. ही किरणं म्हणजे ऊन नव्हे, विमान तापण्याशी त्यांचा संबंध नाही. अतिवेगवान कण चिपवर आदळतात आणि एखाद्या ० चा १ करून टाकतात. उंचावर हवा विरळ, म्हणून तिथे हे जास्त घडतं. असं होणार हे धरूनच हे डबे बनवतात, पण सॉफ्टवेअरच्या त्या आवृत्तीत कसर राहिली. चूक होती, मोठी होती. बहुतेक विमानांत जुनी आवृत्ती परत भरली, त्याला दोनेक तास लागतात. काही जुन्या विमानांत डबाच बदलावा लागला. माझे जुने सोबती त्या शनिवार-रविवारी घरी गेले नाहीत, आणि आपल्याकडची बहुतेक विमानं दोन-तीन दिवसांत उडूही लागली. ‘थांबवली’ एवढंच लिहून ‘दुरुस्त केली’ हे गाळायचं, याला लबाडी म्हणतात.

सेन्सरच खोटं बोलायला लागले तर? मग कम्प्युटर हात वर करतो आणि विमान माणसाच्या ताब्यात देतो. १ जून २००९ला अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए३३०च्या वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या. ऑटोपायलट सुटला, संरक्षणाच्या मर्यादा उठल्या. गोंधळलेल्या पायलटने स्टिक मागे ओढून धरली, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना हवेची उचल मिळेना, २२८ जण गेले. एअरबसच्या दोन साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात, एकाने काय धरलंय ते दुसऱ्याच्या हाताला कळत नाही. ही टीका मला मान्य आहे. पण मेसेजवाल्याची तक्रार नेमकी उलटी आहे, की कम्प्युटर पायलटच्या हातात काही देतच नाही!

बोइंगचं प्रेम बघून तर वाटलं की लिहिणाऱ्याने १९९५ नंतर विमान बघितलेलंच नाही. ७७७ आणि ७८७ दोन्ही फ्लाय-बाय-वायर. ७७७मध्ये तीन मुख्य कम्प्युटर, आणि प्रत्येकात तीन वेगवेगळ्या बनावटीचे प्रोसेसर. समोर जुन्या पद्धतीचं चक्र असतं, आणि मर्यादेपाशी ते जड होतं. पायलटने जोर लावला तर मर्यादा ओलांडता येते, एअरबसमध्ये तशी येत नाही. फरक आहे तो एवढाच, आणि त्यावर पायलट मंडळी चहाच्या कपावर तासन्‌तास भांडतात. ७३७ मात्र अजून केबल आणि पुलीवाली. हायड्रॉलिक गेलं तरी ती नुसत्या हातांनी उडवता येते, दंड भरून येतात इतकंच. पण याच केबलवाल्या ७३७च्या मॅक्स आवृत्तीत एमकॅस नावाची, विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी एक गोष्ट बसवली. ती एका वेळी एकाच सेन्सरचं ऐकायची. विमानावर दुसरा होता, त्याला विचारायची नाही. ऑक्टोबर २०१८ला लायन एअर, मार्च २०१९ला इथिओपियन, दोन्ही मिळून ३४६ माणसं. दुसरं उत्तर तपासून बघायची सवय सोडली त्याची ही किंमत. तेव्हा तिकिटावर कंपनी बघण्यापेक्षा सीट बघा, पाय आखडतात.

मोबाइलवरून हॅक: एलॅकला इंटरनेट नसतं, सीटसमोरच्या वायफायशी त्याचं नातं नाही, त्यात सॉफ्टवेअर भरतो तो लायसनवाला माणूस, जमिनीवर, सही करून. जीपीएसला फसवण्याचे प्रकार खरे आहेत, पण त्याने विमानाला आपण कुठे आहोत ते चुकीचं कळतं, एलेरॉन हलत नाही.

काकूंनी तिकीट रद्द केलं नाही. मी त्यांना पंखाच्या थोडं मागची खिडकी घ्यायला सांगितली होती, आणि विमान धावपट्टीकडे निघालं की पंखाच्या मागच्या कडेकडे बघा म्हटलं होतं. रविवारी सकाळी ग्रुपवर त्यांचा व्हिडिओ आला. एलेरॉन सावकाश पूर्ण वर, मग पूर्ण खाली, मग सरळ. पायलट उडण्याआधी साइडस्टिक चारही बाजूंना फिरवून बघतो, तेव्हाचं. खाली त्यांचा प्रश्न: “हे दिसलं. पण पायाखाली मघाशी कुत्रं भुंकल्यासारखं काय चाललं होतं?”

पीटीयू, काकू. एकच इंजिन चालू असताना हिरव्या आणि पिवळ्या हायड्रॉलिकच्या दाबात फरक पडतो, तो भरून काढणारा पंप. भुंकू दे त्याला.