स्पष्टवक्ता यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, माहितीये)

स्पष्टवक्ता,

साहेब लावू की मॅडम ते कळत नाहीये, टोपणनावाआड बसलेल्या माणसाशी बोलताना हीच अडचण असते. असो.

कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या मॅकिलॉप टाउनशिपवरच्या, म्हणजे नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या शेतावरच्या, लेखाच्या तिसऱ्या भागाखाली तुम्ही जे लिहिलंय ते बाकीच्यांसाठी थोडक्यात देते. तुमचं म्हणणं, १८६१च्या खानेसुमारीत ३६ वर्षांचा असलेला माणूस १८७१ला ४५चा कसा होतो, बायकोचं नावही वेगळं आहे, म्हणजे मी दोन माणसं एकात कोंबलीयेत. मग, "हल्ली वेबसाइटवरच्या तयार वंशावळी जोडून घरबसल्या कोणीही पूर्वज तयार करतं." मग, ती जमीन मुळात कोणाची होती ते मी सोयीस्कर गाळलं. मग, १८५१ची खानेसुमारी १८५१ला झालीच नव्हती. आणि शेवटी, "सासरच्या गोऱ्यांचं कौतुक मराठीत वाचून आम्ही काय करायचं, ताई?"

१८५१चं तुमचं बरोबर आहे. म्हणतात १८५१ची, पण आमच्या भागातली मोजणी जानेवारी १८५२ मध्ये झाली. दुरुस्त केलंय, आभार. म्हणजे कोणी काही दाखवून दिलं की मला राग येतो असं नाही, हे लक्षात घ्या. राग येतो तो सूर बघून. "ताई" म्हणायचं आणि लगेच चिमटा काढायचा, ही पद्धत मला चांगली ओळखीची आहे, आमच्याकडे लग्नात जेवणाला नावं ठेवणारे असेच सुरुवात करतात.

आता ते घरबसल्या.

माझे वडील तलाठी होते. खटाव तालुक्यात, बदली होईल त्या सज्जात. ऑनलाइन सातबारा वगैरे काही नव्हतं तेव्हा, सगळं हातानं लिहिलेलं, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर लोक यायचे, वारस नोंद लागली नाही, बहिणीचं नाव आलं नाही, चुलत्यानं परस्पर फेरफार करून घेतला. एकाच गावात तीन तीन मारुती, बापाचं नावही दोघांचं सारखं, आडनाव तर अख्ख्या वाडीचं एकच. वडील आधी नाव विचारायचेच नाहीत, सर्व्हे नंबर विचारायचे, नंतर गट नंबर आले तेव्हा गट नंबर. नंबर कळला की मारुती कुठला ते आपोआप कळायचं. हे मी शाळेत असताना बघितलंय, दप्तर उचलून दिलंय, रेघा मारून दिल्यात. त्यामुळे मला कोणी तयार वंशावळी चिकटवणारी म्हणालं तर मी गप्प बसून घेणार नाही.

कॅनडात आल्यावर, नवऱ्याच्या घरच्यांनी खापरपणजोबांबद्दल जे सांगितलं ते एवढंच, आयर्लंडहून आले आणि जंगल तोडलं. सासूबाईंकडे एक फोटो, तोही कोणाचा ते नक्की नाही. आणि आयरिश लोकांची नावं म्हणजे आपल्या मारुतींच्या वरताण, जॉन, पॅट्रिक, मायकल, जेम्स, संपलं. नावाच्या मागे लागलं असतं तर मी अजून गोल फिरत असते. म्हणून मी लॉट नंबर धरला. टाउनशिप म्हणजे कन्सेशनच्या ओळी, म्हणजे जमिनीचे आखलेले लांब पट्टे, आणि प्रत्येक ओळीत लॉट, आमच्या भागात साधारण शंभर एकराचा एक. लॉट हलत नाही, मरत नाही, दुसरं लग्न करत नाही.

त्यातही टाउनशिपचं नाव टाकून शोधायला जावं तर मॅकिलॉप २००१ पासून वेगळी उरलेलीच नाही, सीफोर्थ, टकरस्मिथ, ग्रे, ब्रसेल्स सगळं मिळून ह्युरॉन ईस्ट झालंय. जुने कागद जुन्या नावानं, नवे नव्या.

जमिनीच्या नोंदवहीत एकेका लॉटचं पान असतं, कोणी कोणाला दिली, कधी, कितीला, गहाण कधी टाकली आणि कधी सोडवली. आमच्या लॉटच्या पानावर सगळ्यात वर सरकारकडून जमीन मिळाली ती कॅनडा कंपनीला. खापरपणजोबांचं खरेदीखत येतं थेट १८६१ला. आता तयार वंशावळी बनवणारे इथेच फसतात, त्यांच्या सगळ्या झाडांमध्ये "१८६१ला मॅकिलॉपमध्ये आगमन" असं ठोकून दिलंय, एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. पण ह्युरॉन ट्रॅक्ट, म्हणजे ही सगळी दहाएक लाख एकर जमीन, कंपनीच्या ताब्यात होती, १८२६ची लंडनची कंपनी, टाउनशिपना डायरेक्टरांची नावं देऊन मोकळी झालेली. आणि १८४२ पासून ती दहा वर्षांच्या भाडेपट्ट्यानं जमीन द्यायला लागली, दरवर्षी भाडं भरा आणि शेवटी किंमत भरली की खरेदीखत. म्हणजे माणूस राहायला येतो एका साली आणि नोंदवहीत उगवतो दहा-बारा वर्षांनी, मधली वर्षं तो नोंदवहीच्या हिशोबानं अस्तित्वातच नाही. ती मधली वर्षं कंपनीच्या दप्तरात सापडतात, आणि ती दप्तरं टोरांटोला ऑन्टारिओ अर्काइव्हजमध्ये आहेत. मायक्रोफिल्म फिरवून फिरवून मान धरते, अक्षर असलं की कोंबडीचे पाय. भाडेपट्टा १८४९चा आहे, तो मी तिथे बघितला. हे घरबसल्या होत नाही हो.

तिथेच कंपनीच्या पैसे पाठवण्याच्या वह्याही आहेत, १८४३ ते १८४७. गिरणीतला माणूस कोकणात मनीऑर्डर करायचा तशी ही माणसं कंपनीमार्फत आयर्लंड-स्कॉटलंडला पैसे धाडायची, आणि वहीत कोणी, कोणाला, कुठल्या गावी हे लिहिलेलं. त्यात आमच्या नावाचा एक माणूस आईला पैसे पाठवतोय. तो आमचाच असं मी लेखात म्हटलेलंच नाही, "असू शकेल" म्हटलंय, परत जाऊन वाचा. तरी ती नोंद बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं, तुम्ही याला रंगवणं म्हणा.

काही कागद ऑनलाइन आहेत, हो, नोंदवह्या स्कॅन झाल्यात, खानेसुमारीही आहे, आणि त्या मी घरी बसून, रात्री पोरं झोपल्यावर बघितल्यात, आता तो गुन्हा असेल तर असू दे. पण स्कॅन वाचणं आणि कोणाचं तरी झाड कॉपी करणं यात फरक असतो, आणि तो ज्याला कळत नाही त्यानं पद्धतीवर बोलू नये असं माझं मत आहे.

वयाचं बघा. १८६१च्या फॉर्मवर पुढच्या वाढदिवसाला किती पूर्ण होतील ते विचारलं होतं, १८७१ला मागच्या वाढदिवसाला किती झाली ते. मोजणी १८६१ची जानेवारीत, १८७१ची एप्रिलमध्ये. सप्टेंबर १८२५चा जन्म धरा आणि बोटांवर मोजा, ३६ आणि ४५ हेच येतं. उलट ३६ आणि ४६ आलं असतं तर मी घाबरले असते. शिवाय दोन्ही वेळच्या शेतीच्या पानांवर कन्सेशन आणि लॉट लिहिलाय आणि तो तोच आहे. १८६१ला शंभरातले चाळीस एकर लागवडीखाली आणि बाकी रान, गहू, वाटाणे, ओट, बटाटे, वर मेपलची साखर किती पौंड तेसुद्धा, १८७१ला सत्तर एकर मोकळे झालेले. दहा वर्षांत तीस एकर झाडं, कुऱ्हाडीनं आणि बैलांनी. दुसराच माणूस असता तर त्याच नावाचा, त्याच लॉटवर, त्याच पोरांसकट येऊन बसला असता का? पोरांची नावं तुम्ही बघितलीच नाहीयेत बहुतेक. १८८१ची शेतीची पानं उरलेली नाहीत, नाहीतर तीही तोंडावर मारली असती.

बायकोचं नाव बदलतं, ते चौथ्या भागात येणार आहे. मृत्यूची सरकारी नोंदच इकडे १ जुलै १८६९ पासून सुरू झाली, त्याआधी बाई गेली तर चर्चची वही नाहीतर थडग्यावरचा दगड. थोडं थांबा.

जमीन कोणाची होती हे गाळलं म्हणता. पहिल्या भागात एक ओळ आहे, १८२७चा करार, क्रमांक २९, तिथल्या मूळ रहिवासी चिप्पेवा लोकांनी बावीस लाख एकरांच्या आसपास जमीन सोडली आणि बदल्यात वर्षाला ११०० पौंड. मला माहितीये एक ओळ कमी आहे. पण तो स्वतंत्र विषय आहे, मोठा आहे, आणि एका शेतकऱ्याच्या गोष्टीत प्रत्येक भागात तो यायलाच हवा असं काही नाही. खापरपणजोबा तिथे १८४९ला आले, करारावर सही त्यांची नव्हती. यावर वाद घालायचा तर वेगळी पोस्ट लिहा, लिंक द्या, वाचेन.

आणि "मराठीत वाचून काय करायचं". नका वाचू. माझ्या मुलींचे ते पूर्वज आहेत आणि मुलींची आई मराठीत लिहिते. अप्पांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, लिहिलेल्या लेखाला तुम्ही "हृदयस्पर्शी" लिहून गेला होतात, मी बघितलंय, तेव्हा नाही विचारलंत काय करायचं ते. शेतकरी आपला असला की हृदयस्पर्शी आणि सासरचा असला की कौतुक?

चौथा भाग पुढच्या आठवड्यात टाकतेय. प्रतिक्रिया बंद करणार नाही, पण यापुढे फक्त कागदावर बोलू, लॉट नंबर लेखात दिलाय, नोंदवहीचं पान कोणालाही उघडून बघता येतं, त्यात दुसरा माणूस सापडला तर स्क्रीनशॉट टाका. "ताई" नाही म्हटलं तरी चालेल.