तीन पंप बदलले, बूस्टमधलं प्रेशर कुणी मोजलंच नाही

‘पंप गेलाय.’ गेल्या पाच महिन्यांत माझ्या गाडीच्या टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाबद्दल हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी पंपाचं नुसतं नाव काढलं तरी डोकं तापतं. बॉनेट उघडायच्या आधी, एक आकडा विचारायच्या आधी निदान तयार! पंप गेलाय, नवा टाकू. टाकला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दुसरा टाकला. तोही म्हणे ‘गेला’. तिसरा टाकला. आणि एवढ्या सगळ्या उपद्व्यापात एकाही माणसाला, अहो एकाही माणसाला, गाडी बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून हवा भरत असताना, रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत, प्रेशर किती राहतं ते बघावंसं वाटलं नाही.

गाडी मॉडिफाय केलेली आहे, मान्य. टर्बो मोठा आहे, इंजेक्टर मोठे आहेत, टाकीत ताशी २५५ लिटरवाला पंप आहे, बूस्ट १.२ बार. म्हणून तर पेट्रोलच्या बाबतीत जास्त काटेकोर राहायला हवं ना? होतं उलटंच. ‘टर्बो लावलाय ना, मग असं होणारच’ म्हणायचं आणि हात झटकायचे. का होणारच? नीट बांधलेली गाडी वर्षानुवर्षं तेवढ्याच बूस्टवर चालते. होतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलंय, आणि ते शोधणं हेच तर तुमचं काम आहे.

दुखणं अगदी सरळ होतं. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की साडेचार हजार आरपीएमपर्यंत गाडी झकास खेचायची, आणि तिथून वाइडबँडचा, म्हणजे एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा सरकायला लागायचा. लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आकडा वाढला म्हणजे पेट्रोल कमी) ०.८० हवा, तो ०.८५, मग ०.९० च्या वर. मी लगेच पाय उचलायचो. दर वेळी पोटात गोळा यायचा, कारण बूस्टमध्ये मिश्रण लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की नॉक (मिश्रण अवेळी धडकन पेटणं) सुरू होतो आणि नॉकला पिस्टनच्या रिंगा धरणाऱ्या कडा तोडायला फार वेळ लागत नाही. हे इंजिन मी दोन वर्षं खपून बांधलंय. एकदा पाय उचलायला उशीर झाला असता तर कोण भरून देणार होतं?

सकाळची दुसरी तक्रार, गाडी एका स्टार्टरवर उठायची नाही. तीनचार वेळा चावी फिरवावी लागायची. हेही मी प्रत्येकाला सांगितलं. प्रत्येकाने मान हलवली आणि पंप बदलला.

एका वर्कशॉपमध्ये गेज लावला, नाही असं नाही. गाडी न्यूट्रलला, आयडलवर. ‘हे बघा साहेब, अडीच बार, काटा हलत नाही, प्रेशर एकदम ओके.’ अहो, आयडलला इंजिन पेट्रोल पितं तरी किती? पंपाने ढकललेलं जवळजवळ सगळं रिटर्नच्या पाइपातून टाकीत परत जातं. तिथे अर्धमेला पंपसुद्धा काटा धरून ठेवेल. दुखतंय साडेचार हजारांवर, पूर्ण बूस्टमध्ये, आणि तपासायचं उभ्या गाडीत?

आणि हिशोब काय अवघड आहे का? माझ्या गाडीला रिटर्नवाली सिस्टीम आहे, रेग्युलेटरला (रेलचं प्रेशर राखणारा व्हॉल्व्ह) मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा जाते ती नळी) पाइप जोडलेला. तो पाइप काढला की रेलमध्ये ३ बार. बूस्ट जितका चढेल तितकंच रेलचं प्रेशर चढलं पाहिजे, म्हणजे १.२ बूस्टला ४.२. कारण इंजेक्टरच्या एका तोंडाला रेल आहे आणि दुसऱ्या तोंडाला मॅनिफोल्ड. या दोघांमधला फरक कायम ३ राहिला तरच इसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) ठरवलेलं पेट्रोल तेवढ्याच वेळात आत पडतं. फरक कमी झाला की इंजेक्टर उघडतो पूर्वीइतकाच, पेट्रोल मात्र कमी येतं आणि इसीयूला पत्ताही लागत नाही. एवढं ज्याला कळतं त्याला पुढचा प्रश्न आपोआप पडायला हवा, की बूस्टमध्ये हा फरक किती राहतोय? नाही पडला. कुणालाच नाही.

शेवटी मीच रेलवर सेन्सर बसवला आणि गाडी पळताना बूस्टसोबत त्याचे आकडे लॉग केले, म्हणजे नोंदवून घेतले. प्रेशर ४.२ पर्यंत छान चढलं, साडेचार हजारांवर घसरायला लागलं आणि मी पाय उचलेपर्यंत ३.५ वर आलं होतं. म्हणजे फरक ३ चा २.३ झाला. पेट्रोलचा प्रवाह फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जवळजवळ १२ टक्के कमी. ०.८० चा लॅम्डा त्या हिशोबाने ०.९१ व्हायला हवा. लॉगमध्ये नेमका ०.९१. एका संध्याकाळच्या कामात सिद्ध झालं की इंजेक्टरचा काही संबंध नाही, मिश्रण जेवढं लीन झालं तेवढं सगळं प्रेशर पडल्यामुळेच. आणि हेच इंजेक्टर त्याआधी दोनदा काढून साफ करून आणायला लावले होते मला.

सगळ्यात जास्त संताप आला तो मॅपवाल्याचा, म्हणजे इसीयूत पेट्रोलचे आकडे भरून देणाऱ्याचा. ‘प्रेशर पडतंय ना, मग तिथे मी पेट्रोल वाढवून देतो’ म्हणाला, आणि मला न विचारता साडेचार हजारांच्या वर १० टक्के वाढवून मोकळा! म्हणजे ताप मोजायचा नाही, थर्मामीटरच खोटं करून ठेवायचं. पेट्रोल कमी पोचतंय हे कळण्याची गाडी चालवताना माझ्यासमोर असलेली खूण त्याने पुसून टाकली. पुढच्या गळतीला मला कळलं असतं ते थेट पिस्टन वितळल्यावर. दुसऱ्या एकाचा सल्ला, मूळ प्रेशरच ३ वरून ३.५ कर. पंपाला जितक्या जास्त प्रेशरच्या विरुद्ध ढकलायला लावाल तितकं तो कमी ढकलतो, हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही का याला?

व्होल्टेजचीही तीच तऱ्हा. पंपाला वीज कमी मिळाली तर तो कमी ढकलतो, ही शंका रास्तच आहे. पण तपासलं कसं, तर पंपाचा प्लग काढून मोकळ्या तारांना मल्टिमीटर लावून. विजेचा भारच नाही, तर गंजलेलं अर्थिंगसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवणार! मी प्लग जोडलेला ठेवून मागून बारीक तारा आत घेतल्या आणि गाडी पळवताना बघितलं. १३.४ व्होल्ट. म्हणजे वायरिंग आणि रिले संशयातून सुटले.

मग हातपंपाने रेग्युलेटरला १ बार हवा दिली, रेल ३ वरून ४ वर गेली. रेग्युलेटरही संशयातून सुटला. गाडी बंद केली की गेज काही सेकंदांत शून्यावर यायचा, सकाळच्या चाव्या फिरवण्याचं मूळ हेच. रिटर्नचा रबरी पाइप चिमटवला, तरी प्रेशर पडलंच. टाकीतून येणारा पाइप चिमटवला, काटा जागच्या जागी थांबला. म्हणजे इंजेक्टर निर्दोष, रेग्युलेटर निर्दोष, गळती टाकीच्या बाजूला. इथे कुणीही म्हणेल की पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) गळतोय. म्हणून आणखी एक केलं. इंजिन चालू ठेवून रिटर्न अगदी क्षणभर चिमटवला. धडधाकट पंप असा कोंडला की झपकन ६ बारच्या पुढे जायला हवा. हा रडतखडत साडेचारला पोचला आणि तिथेच थांबला. फिल्टरच्या आधी मोजलं, तिथेही तेच, म्हणजे फिल्टरही नाही. चेक व्हॉल्व्ह गळत असता तर कोंडल्यावर प्रेशर कमी पडलं नसतं. वीज पुरेशी, पंप तीन आठवड्यांचा, तरी प्रेशर चढत नाही. मग पेट्रोल टाकीच्या आतच कुठेतरी सुटत असणार.

टाकीवरचं झाकण उघडून पंपाचा सांगाडा बाहेर काढला आणि अक्षरशः हात थरथरले माझे रागाने. पंपापासून झाकणापर्यंतचा चार बोटं लांबीचा रबरी पाइप सुजून दीडपट झाला होता. वरचं रबर इतकं मऊ की बोट फिरवलं तर काळं हाताला यायचं. क्लॅम्प त्यात रुतून दिसेनासा झालेला. क्लॅम्पच्या कडेला जरा वाकवलं तर नखाएवढी चीर उघडली. सैल सोडलं की मिटायची. कमी प्रेशरला मिटून राहायची, प्रेशर चढलं की उघडून पेट्रोल परत टाकीतच सोडायची. बाहेर थेंब नाही, वास नाही, डाग नाही. आणि चेक व्हॉल्व्हच्या पुढे असल्यामुळे गाडी बंद केली की सगळं प्रेशर त्याच चिरेतून जायचं.

पाइपावरची अक्षरं अर्धी धुऊन गेली होती, पण ‘आर९’ वाचता येत होतं. हा पाइप बाहेरून वापरायचा असतो! त्याच्या आतल्या अस्तराला पेट्रोल सोसतं, बाहेरच्या रबराला सोसत नाही. पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायचा पाइप वेगळा येतो, आर१०. पाइपावर छापलेलं असतं. वाचायला एक सेकंद लागतो.

आता कळलं ना, दर वेळी पंप बदलला की तीन आठवडे गाडी का बरी व्हायची? प्रत्येक पंपासोबत त्याच चुकीच्या पाइपाचा नवा तुकडा बसत होता. नवा असेपर्यंत टिकायचा, मग सुजायचा, मग फाटायचा. आणि हे लोक मला ऐकवायचे, ‘बघा, पंप टाकल्यावर बरं वाटलं की नाही?’ तीन वेळा तो पाइप कुणीतरी हातात धरला, कापला, क्लॅम्प आवळला. तिन्ही वेळा आधीचा सुजलेला तुकडा त्याच हातांनी काढून फेकला. एकदाही प्रश्न पडू नये की हा असा का झाला?

आर१० चा तुकडा बसवला. मॅपमधले ते घुसडलेले १० टक्के काढले. लॉगमध्ये ६,८०० पर्यंत ४.२ ची सरळ रेघ, लॅम्डा ०.८०. सकाळी गाडी पहिल्या स्टार्टरला उठते. मग चिडून काढून ठेवलेले तिन्ही जुने पंप एकेक करून नव्या पाइपावर लावले आणि रिटर्न चिमटवून बघितलं. तिन्ही ६ च्या पुढे गेले.

वर्कशॉपला फोन केला. पाइपाचं सांगितलं. पलीकडून उत्तर, ‘इंजेक्शनचाच पाइप आहे साहेब तो, १०० पीएसआय प्रेशरचा. आणि पाइप नंतर खराब झाला असेल, पंप तर गेलाच होता.’

कुठला गेला होता? तिन्ही माझ्यासमोर टेबलावर आहेत, तिन्ही चालतायत. या आणि स्वतःच्या हाताने मोजून बघा.