‘पन्नास कीवर्ड भरा, फोटो पहिल्या पानावर’: त्या फॉरवर्डला उत्तर

फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने उगवतो. स्टॉक साइटवर, म्हणजे फोटो विकणाऱ्या साइटवर, आपला फोटो शोधात वर आणायचाय? मग कीवर्ड, म्हणजे फोटो ज्यांनी सापडावा ते शब्द, पुरे ५० भरा, खपत नसेल तो फोटो डिलीट करून पुन्हा चढवा, मित्रांकडून क्लिक करवून घ्या, रोज काहीतरी अपलोड करा. आणि शेवटी उसासा: एवढं करूनही जुनेच फोटो वर राहणार. यातला उसासा तेवढा अर्धा खरा आहे.

आधी कीवर्ड. शटरस्टॉकवर किमान ७ आणि जास्तीत जास्त ५० चालतात, ॲडोबी स्टॉकवर ४९. ही मर्यादा आहे, कोटा नव्हे. हे मीही उशिरा शिकलो. पोळ्याच्या बैलाचा एक फोटो टाकला होता: अंगावर झूल, शिंगं रंगवलेली, कपाळाला बाशिंग. आकडा गाठायच्या नादात शेवटी शेवटी दिवाळी, होळी, मंदिर, अगदी योगासुद्धा लिहून मोकळा झालो. आता दिवाळी शोधणाऱ्याला पणत्या हव्यात. समोर बैल आला की तो पुढे सरकतो. फोटो दिसला पण कुणी उघडला नाही, हीही नोंदच असते. अलामी ही आणखी एक स्टॉक साइट तर हे आकडे फोटोग्राफरलाच दाखवते: शोधात किती वेळा आला, किती जणांनी मोठा करून पाहिला. माझ्या बैलाने दिवाळीत काय कमावलं, ते विचारू नका.

शब्दांचा क्रमही बघायला हवा. ॲडोबी स्वतःच सांगते की पहिले १० कीवर्ड सर्वांत महत्त्वाचे. माझ्या यादीत पहिला ‘इंडिया’, दुसरा ‘ब्युटिफुल’, आणि ‘बुल’ तेरावा! सुंदर भारतात बैल शोधत बसा. यादी उलटीपालटी केली: बैल, शेतकरी, सण, पोळा, महाराष्ट्र. ‘पोळा’ ठेवलाच, कारण तो शब्द टाइप करणारे थोडे असले तरी त्यांना नेमकं हेच हवं असतं.

शिवाय सगळं कीवर्डवरच चालतं असंही नाही. शटरस्टॉकने २०१६ मध्येच चित्र देऊन तसंच चित्र शोधायची सोय आणली. म्हणजे शब्द काहीही लिहा, चित्रात काय आहे ते यंत्रालाही थोडंफार दिसतं.

डिलीट करून पुन्हा चढवणं? नव्या फोटोला सुरुवातीला संधी मिळते, ‘ताजे’ असा वेगळा क्रमही असतो, म्हणून ही कल्पना सुचते. पण त्या फोटोवर आधी झालेले क्लिक, डाउनलोड त्याच्याबरोबरच पुसले जातात. आणि तेच ते पुन्हा पाठवलं तर ‘आधीच्यासारखाच फोटो’ म्हणून नाकारलं जाण्याची शक्यता आहेच.

मित्रांचे क्लिक: दहा-बारा क्लिकांनी कोट्यवधी फोटोंच्या गर्दीत काय हलणार? अलामीच्या आकडेवारीत तर ठरावीक ग्राहकांचेच शोध मोजले जातात. त्यांना चहा पाजून पैसे वाया घालवू नका.

रोज अपलोड करायला हरकत नाही. एकाच बैलाचे रोज तीन कोन नकोत, एवढंच.

राहिला उसासा. खपलेला फोटो वर राहतो, वर असल्याने आणखी खपतो, हे खरंच आहे. पण ‘फोटोचा क्रमांक’ असा एक नसतोच. तो शोधलेल्या शब्दाचा असतो. ‘फार्मर’ म्हटलं तर जुन्या दिग्गजांपुढे माझा बैल कुठल्या कुठे. ‘रंगवलेल्या शिंगांचा बैल’ म्हटलं की मैदान बरंच रिकामं होतं. ॲडोबीवर ‘अनडिस्कव्हर्ड’ नावाचा क्रमही आहे, कमी पाहिल्या गेलेल्या फोटोंसाठी. लॉग-आउट करून तिथे एकदा आपला फोटो शोधून बघा. माझा बैल तिथे भेटला, झूल थोडी तिरकी झालेली; अपलोड करताना लक्षातच आलं नव्हतं.