ज्याचं जळतं त्यालाच कळतं?

आमच्या गावच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी गप्प बसलो. ते अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

विषय नळपाण्याचा होता. पाईप आमच्या कुणबीवाडीत आलाय, वरच्या वाडीतही पोचलाय. बौद्धवाडीच्या अलीकडे मात्र पऱ्ह्यापाशी, म्हणजे ओढ्यापाशी, येऊन थांबलाय, त्याला दोन उन्हाळे झाले. तिथली एक बाई उठली. हातात अर्जांच्या तीन पोचपावत्या. "आमचं कधी?" एवढंच तिनं विचारलं. "निधी आला की बघू" असं उत्तर आलं आणि पुढचा विषय पुकारला गेला. ती थोडा वेळ उभीच राहिली, मग पावत्यांची घडी करून त्या पिशवीत ठेवल्या आणि खाली बसली. साठ-सत्तर माणसं होती तिथं. कुणी ब्र काढला नाही. घरी येताना चुलतभाऊ म्हणाला, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं रे, आपण कशाला मध्ये पडायचं?"

ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. पण त्या रात्री मला बाबासाहेबांचं एक भाषण आठवलं, आणि ही म्हण आपल्या गळ्यात किती खोल अडकलीय ते कळलं.

संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण आपण सगळेच शेअर करतो. हे दुसरं, तीन वर्षांनंतरचं. २२ डिसेंबर १९५२, पुणे, जिल्हा लॉ लायब्ररी, समोर वकील मंडळी. लोकशाही नीट चालायची तर काय काय लागतं, हा विषय. तेव्हा बाबासाहेब मंत्री नव्हते. त्याच वर्षी मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरले होते. असा माणूस लोकशाहीवर कडवटपणे बोलला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी मात्र शांतपणे एकेक अट मांडली. समाजात टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि कारभारातही सगळे सारखे हवेत, बहुमतानं अल्पमताला चिरडू नये. संविधानिक नीतीबद्दल बोलताना त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टनचा दाखला दिला. लोक त्याला देवासारखं मानत होते, तरी तिसऱ्यांदा अध्यक्ष व्हायला तो तयार झाला नाही. आम्हाला राजा नको म्हणून तर हे संविधान केलं, असं त्याचं म्हणणं. (याच वॉशिंग्टनच्या मळ्यावर गुलाम राबत होते, हेही विसरता येत नाही.) भक्ती धर्मात ठीक, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी १९४९ लाच बजावलं होतं. त्यांच्या नावानं जयजयकार करणाऱ्या आपण सगळ्यांनी हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.

पण मला धरून ठेवलं ते शेवटच्या अटीनं. सार्वजनिक विवेक. त्यांनी त्याचा अर्थ अगदी सोपा करून सांगितला: अन्याय कुणावरही होवो, तो पाहून जे मन पेटून उठतं ते. आणि नुसतं पेटून थांबत नाही, स्वतःला झळ लागलेली नसतानाही त्या माणसाच्या बाजूला जाऊन उभं राहतं. उदाहरण त्यांनी दक्षिण आफ्रिकेचं दिलं. तिथं हाल भारतीय लोकांचे होत होते, आणि त्यांच्यासाठी झगडत होते रेव्हरंड स्कॉट, एक गोरा माणूस.

हे त्यांच्या तोंडी शोभतं, कारण ते तसे जगले. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल. मुलीला वारसा, बाईला घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्व. ज्या सवर्ण घरांतल्या बायकांना याचा सगळ्यांत जास्त फायदा होणार होता, त्यांतल्या बहुतेक घरांनी बाबासाहेबांना पंक्तीला बसवलं नसतं.

आणि आमचं घर. माझे पणजोबा खोताचं कूळ. खोत म्हणजे कोकणात गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार. आजी सांगायची, भात झोडून झालं की खोताचा माणूस खळ्यात येऊन बसायचा. मापं घालायची, निम्मी रास त्याची. उरलेल्यातून मागचं देणं फेडायचं. दारातल्या फणसावरही पहिला हक्क खोताचा. लावणीच्या दिवसांत आधी त्याच्या शेतावर वेठ, मग आपला चिखल. आजीच्या आवाजात राग नसायचा, त्याचंच मला वाईट वाटायचं.

ही खोती मोडायचं विधेयक १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात कुणी मांडलं? बाबासाहेबांनी. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर कुणी नेला? त्यांनीच. कुळांत महार होते, पण मोठी संख्या आम्हा कुणब्यांची. तेव्हा ते विधेयक पास झालं नाही, खोती जाण्याचा कायदा १९४९ मध्ये आला. पण आमच्यासाठी आधी उभा राहिला तो माणूस आमच्या जातीचा नव्हता, आणि आमची माणसं त्याच्या माणसांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हती. आज ती जमीन सातबाऱ्यावर आमच्या नावावर आहे.

आणि त्यांच्या वाडीच्या पाण्याचा विषय निघाला तेव्हा मी मोबाईलमध्ये मान घालून बसलो होतो.

शासनाला शिव्या देणं मला जमतं, रोज देतो. बाबासाहेब शासनाकडून पुष्कळ मागायचे, पण त्यांचा खरा प्रश्न आपल्याला असायचा. संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, हे त्यांचं वाक्य आपण आमदार-खासदारांच्या अंगावर फेकतो. ग्रामसभेत सतरंजीवर बसलेला मीही राबवणाराच आहे, हे लक्षात यायला मला पन्नाशी गाठावी लागली.

१ मेची ग्रामसभा येतेय. परवा गावी जाऊन आलो. त्या ताईंना भेटून तिन्ही अर्जांच्या तारखा उतरवून घेतल्या, विषय लेखी दिला आणि पोच घेतली. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदकाची जागा कोरी ठेवलीय. चुलतभावाला अजून विचारलं नाही, आज रात्री फोन करतो. गावची जी मंडळी मुंबई-पुण्यात आहेत आणि हे वाचतायत, त्यांना सांगतो: १ मेला सुट्टी असते. आदल्या रात्रीच्या गाडीनं निघालात तर सभेला वेळेत पोचाल.