आम्ही परत येणार नाही म्हणे!

एक फुली. छापील कागदावर व्हिसा नाकारण्याच्या कारणांची लांबलचक यादी आणि त्यातल्या एका चौकटीत फुली. ‘व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही आमच्या भूभागातून बाहेर पडाल याबद्दल वाजवी शंका आहे.’ खाली शिक्का, सही. माझ्या कागदावर तीच, ह्यांच्या कागदावर तीच. कुरियरवाला पाकीट देऊन गेला, मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

शंका कसली? कुणाची? कशावरून? सांगा ना मला. मी सोलापुरात एका अनुदानित शाळेत 22 वर्षं भूगोल शिकवते. ह्यांची मोहोळ तालुक्यात शेती आहे. घरात 81 वर्षांच्या सासूबाई. मुलगा यंदा दहावीत जाणार. त्याला आणि सासूबाईंना घरी ठेवून आम्ही दोघंच मे महिन्यात 10 दिवस युरोपात फिरायला जाणार होतो, कारण चौघांचे पैसे जमले नाहीत. आता मला सांगा, कोणती आई दहावीतलं पोर टाकून परक्या मुलखात लपून राहील? कुठल्या तरी हॉटेलात भांडी घासायला? हे लिहितानाही माझा हात थरथरतोय, एवढा तो अपमान आहे.

देशाचं नाव घेत नाही. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या शेंगेन गटातल्या 29 देशांपैकी एक. नियम सगळ्यांचा एकच आहे, 2009 ची त्यांची व्हिसा नियमावली. नकार आल्यावर मी ती बसून वाचली, शब्दन् शब्द. त्यात परत येण्याचा हेतू कशावरून ठरवायचा याचीही यादी आहे. परतीच्या प्रवासाचं आरक्षण, बँकेची विवरणपत्रं, नोकरीचा पुरावा, स्थावर मालमत्ता, आणि आपल्या देशात तुमची मुळं किती घट्ट आहेत ते, म्हणजे कुटुंब आणि व्यवसाय. वाचताना वाटतं, यात चूक काय? बरोबरच तर आहे. पण ती यादी ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांसमोर महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, स्वतःच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट असलेला माणूस आहे. मोहोळचा शेतकरी त्यात कुठंच नाही.

ह्यांचंच बघा. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडा म्हणाले. शेतीच्या उत्पन्नाला आपल्याकडं आयकर नाही. दुसरं उत्पन्न नाही, तर विवरणपत्र भरायचं कशाला? ह्यांनी आयुष्यात भरलेलं नाही, भरायची गरजच पडली नाही. यात लपवाछपवी नाही, कायदाच तसा आहे. पण अर्जात ती जागा रिकामी राहिली. अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या मुंबईतल्या काउंटरवर काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं, “सर काय करतात?” मी म्हटलं, “शेती.” “सॅलरी स्लिप?” मी म्हटलं, “बाळ, शेतीला सॅलरी स्लिप नसते.” तिनं मान हलवली आणि पुढच्या कागदाकडं वळली. तिचा राग नाही मला, ती पोरगी तिला दिलेल्या यादीवर खुणा करत होती. पण त्याच क्षणी हे गप्प झाले. परतीच्या गाडीत एक शब्द बोलले नाहीत. 30 वर्षं राबलेला माणूस, त्याला एका काउंटरनं बेकार ठरवलं.

मग ऊसबिल. कारखान्यानं ऊस नेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. आमचं बिल अडीच महिन्यांनी आलं. आलं ते एकदम 3 लाख 10 हजार, अर्ज करायच्या तीन आठवडे आधी. नवी पेठेतल्या व्हिसा एजंटानं स्टेटमेंट बघून कपाळावर हात मारला. “मॅडम, ही एन्ट्री दिसायला नको होती की ओ. बाहेरून पैसे आणून दाखवल्यासारखं वाटतंय.” आमच्या घामाचे पैसे, कारखान्याच्या नावानं जमा झालेले, आणि तेच संशयास्पद! पैसे नसते तर ‘पुरेसे साधन नाही’ या चौकटीत फुली पडली असती. पैसे आहेत, तर एकदम कुठून आले? शेतकऱ्याच्या खात्यात पैसे एकदमच येतात हो. वर्षातून दोनदा येतात आणि मधल्या काळात खातं रिकामं असतं. कुणाला हे समजावून सांगायचं? समोर माणूस असला तर सांगेन ना! मला एकानंही एक प्रश्न विचारला नाही. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, कागद घेतले, झालं.

आणि सातबारा. अरे देवा, तो सातबारा. मालमत्तेचा पुरावा म्हणून जोडायचा, तर त्यावर आजेसासऱ्यांच्या वारसांची सात नावं. ह्यांचं नाव पाचवं. वाटण्या झाल्यात, पण तोंडी. कोण कोणतं रान करतं हे अख्ख्या गावाला माहीत आहे, बांध पक्के आहेत, भांडण नाही. भांडण नाही म्हणूनच फोड केली नाही. भांडलो असतो तर कागद चांगला झाला असता! तो उतारा इंग्रजीत भाषांतर करून, शिक्का मारून द्यायचा. पुण्याच्या भाषांतरकारानं पानाला 600 रुपये घेतले आणि ‘जिरायत’चं काहीतरी भलतंच करून ठेवलं, ते मी रात्री बसून दुरुस्त केलं. व्हिसाच्या कार्यालयातल्या साहेबानं ती सात नावं आणि गुंठ्यांचे आकडे पाहिले असतील तर त्याला काय समजलं असेल? की या माणसाकडं एका जमिनीचा सातवा तुकडा आहे, तो सोडून हा सहज पळेल. अरे, त्या सामाईक नावांमुळंच तो पळू शकत नाही. सात घरं त्या मातीला बांधलेली आहेत. एकजण हलला तर उरलेले सहाजण त्याच्या दारात येऊन बसतील.

माणसाला परत आणणाऱ्या गोष्टी कोणत्या असतात, याचा विचार मी त्या दिवसापासून रोज करते आहे. सासूबाईंच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या. त्यांना रंग ओळखू येत नाहीत म्हणून मी त्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवते. गोठ्यातल्या दोन म्हशी, त्यातली एक ह्यांच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही, 10 दिवसांसाठी चुलत दिराला महिनाभर आधीपासून सवय लावत होतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत हे पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालतात, लग्नाच्या आधीपासून. सात नंदीध्वज निघतात, सगळं गाव रस्त्यावर असतं, आणि ज्याच्या घरात हा मान आहे त्याला विचारून बघा तू जानेवारीत सोलापुरात नसशील का म्हणून. यातलं काय कुठल्या चौकटीत लिहू? ‘सामाजिक मुळं’ म्हणे! मुळं कागदावर उमटत नाहीत म्हणून ती नाहीतच?

मला जायचं का होतं, तेही सांगते. कारण अर्जासोबतच्या पत्रात लिहिलं होतं आणि ते कुणी वाचलं नाही याची मला खात्री आहे. मी 22 वर्षं फळ्यावर हिमनदी काढते आहे. हिमगव्हर, यू आकाराची दरी, लोंबती दरी, हिमोढ. खडूनं काढते, मुलं वहीत काढतात, परीक्षेत मार्क मिळवतात. यातलं काहीही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 43–44 ला टेकतो, पत्र्याखालच्या वर्गात बसून पोरं विचारतात, “बाई, बर्फाची नदी खरंच सरकते का?” आणि मी सांगते, सरकते. पुस्तकात लिहिलंय म्हणून सांगते. एकदा तिच्यासमोर उभं राहायचं होतं. त्या वर्गात परत येऊन सांगायचं होतं. परत येऊनच सांगायचं होतं ना! न परतता मी ते कुणाला सांगणार होते? लोक म्हणतात हिमालयात जा. जाईनच. पण मी कुठं जावं हे शंकेच्या फुलीनं ठरवायचं का?

शेजारचे म्हणाले, नेपाळला जावा, तिथं पासपोर्टसुद्धा लागत नाही. चांगल्या मनानं म्हणाले. पण दार तोंडावर आपटल्यावर कुणी दुसऱ्या घराचा पत्ता सांगितला की जास्तच लागतं.

मला माहीत आहे, काही लोक पर्यटक म्हणून जातात आणि तिकडंच राहतात. त्यांच्यामुळं हे नियम झाले. पण या नियमांनी पकडलं कुणाला जातंय? त्या एजंटानंच मला सांगितलं होतं, सहा महिने खात्यात चार-पाच लाख ‘फिरवून’ देणारे आहेत, तिकिटाचं खोटं आरक्षण करून देणारे आहेत, नोकरीचं पत्रसुद्धा मिळतं. ज्याला खरोखर पळून जायचंय तो हे सगळं विकत घेतो, त्याची फाइल आरशासारखी लख्ख असते. खात्यात दर महिन्याला सारखी रक्कम, एकाच्या नावाची मालमत्ता, तीन वर्षांची विवरणपत्रं. मी म्हटलं, मला खोटं काही नको, मी शिक्षिका आहे. तो म्हणाला, “मग खरं कसं दिसतंय ते बघा तुम्ही.” बघितलं. खरं खडबडीत दिसतं. खऱ्या घराचा हिशेब कधी सरळ रेषेत जातो का? आणि ही यंत्रणा सरळ रेषेवर विश्वास ठेवते, म्हणजे प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला शिकवते. याची चीड येते मला. फुलीपेक्षाही याची.

अमेरिकेचं तर कायद्यातच लिहिलेलं आहे. 1952 च्या त्यांच्या कायद्यात 214 (बी) हे कलम आहे. तुम्ही कायमचे राहायला येताय असंच आधी धरायचं, तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. ब्रिटनच्या नियमांतही तेच, मुदत संपल्यावर निघून जाणारा ‘खरा पाहुणा’ आहात हे दाखवा. आपल्याकडं पाहुणा दारात आला तर आधी तांब्याभर पाणी देतो, कधी जाणार हे विचारणं हलकटपणा समजतो. देशाचं दार आणि घराचं दार एक नसतं, हे भूगोलाच्या बाईला शिकवायची गरज नाही, सीमा मीच शिकवते. पण जे अजून घडलेलंच नाही ते सिद्ध कसं करायचं? मी परत येईन याचा पुरावा मी परत आल्यावरच मिळणार. त्याआधी माझा शब्द, माझी नोकरी, माझी माणसं. हे तिन्ही मी दिलं.

खर्चाचं काढलं की रात्रीची झोप जाते. व्हिसाची फी माणशी 90 युरो, जून 2024 पासून 80 चे 90 केलेत. दोघांचे 180. त्यावर काउंटरवाल्या कंपनीचा वेगळा आकार. किमान 30 हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, तो सक्तीचा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर बसून साडेचारशे किलोमीटर मुंबई, कारण बोटांचे ठसे स्वतः जाऊनच द्यावे लागतात. तिथं एक दिवस लॉजवर. भाषांतर, नोटरी, एजंट. सगळं मिळून 44 हजार 500 रुपये. नकार आला तरी फी परत नाही. बरं, नाही तर नाही, पण त्या पैशात मला दोन ओळी तर लिहून द्या! अमुक कागद कमी पडला, अमुक रकमेचा खुलासा हवा. मी वर्गात मुलाला नापास करते तेव्हा त्याच्या पेपरात प्रत्येक प्रश्नाला मार्क कुठं कापले ते लाल शाईत लिहिते. पोरानं विचारलं तर त्याला जवळ बसवून दाखवते. इथं सगळा पेपर कोरा परत आणि वर एक फुली.

आणि ही फुली संपतही नाही. नकाराची नोंद त्यांच्या संगणकात पाच वर्षं राहते. उद्या ब्रिटनचा अर्ज केला तरी तिथं प्रश्न असतो, तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का? हो लिहावं लागणार. म्हणजे पुढच्या शंकेला मागची शंका पुरावा. काय गुन्हा केला मी?

संस्थेच्या अध्यक्षांनी ना हरकत पत्र देताना स्वतःहून खाली हातानं लिहिलं होतं, ‘या शिक्षिका जूनमध्ये शाळा उघडताना कामावर हजर असतील.’ मला ते इतकं बरं वाटलं होतं. आता शाळेत सगळे विचारतात, “काय ओ बाई, कधी निघालात?” सांगावं लागतं. सांगितल्यावर समोरचा एक क्षण थांबतो. त्या एका क्षणात मला दिसतं की तोही विचार करतोय, काहीतरी असेल बाई यांच्या कागदांत.

हे म्हणतात सोड आता, पुन्हा नाव काढू नको त्या युरोपचं. मुलगा म्हणतो पुढच्या वर्षी पुन्हा भरू. मी अपील करणार आहे. तो हक्क त्यांच्याच नियमावलीत आहे, ज्या देशानं नाकारलं त्या देशाच्या कायद्याप्रमाणं करायचं असतं, मुदत पत्रात दिलेली आहे आणि ती थोडी आहे. मसुदा रात्री लिहायला घेतलाय. ऊसबिलाचा खुलासा, कारखान्याच्या वजनपावत्या, सातबाऱ्यावरच्या उरलेल्या सहा जणांच्या सह्या, ते रविवारी मोहोळला जाऊन आणायच्यात. सासूबाईंनी त्यांच्या गोळ्यांची डॉक्टरांची चिठ्ठी काढून दिली, म्हणाल्या, “हीपण लाव, त्यांना कळंल तरी घरात म्हातारं माणूस हाय.” तीही लावणार आहे, भाषांतर करून.