फ्रीमेसन व्हायला घराणे लागत नाही

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सारखा फिरतो आहे: फ्रीमेसनरी ही बंधुसंघटना बड्या घराण्यांत वारशाने चालते, पोर्तुगीज सत्तेने आणि चर्चने ती हिंदूंना बाटवायला पेरली, आणि आतले लोक नोकऱ्या-ठेके आपसांत वाटून घेतात. मी आमच्या घराण्यातला पहिला फ्रीमेसन. हा संदेश माझ्या आईपर्यंत पोचला, ती धास्तावली, म्हणून लिहितो आहे.

वारशाचा समज गोव्यात का रुजतो ते कळते. इथे देवळाचा महाजन जन्माने ठरतो, कोमुनिदादीचा, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचा, गावकारही तसाच. लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेत, तसे नाही. माझे वडील फोंड्याच्या बाजारात एका कापडदुकानात हिशेब लिहीत. आमच्याकडे कुणाची ओळख ना पाळख. दोन सभासद सूचक-अनुमोदक झाले, काहीजण घरी येऊन बोलून गेले, मग गुप्त मतदान. पेटीत हात घालून प्रत्येकजण पांढरी किंवा काळी गोटी टाकतो. कुणी कुठली टाकली ते शेजारच्यालाही दिसत नाही. मेसनच्या मुलालाही हीच पेटी. दीक्षेआधी खिशातले पैसे, अंगठी, घड्याळ सगळे काढून ठेवायला लावतात, आणि नव्या माणसाला मिळतो तो कोकराच्या कातड्याचा साधा पांढरा एप्रन. त्यावर कुठलीही नक्षी नाही. मला त्या दिवशी वडिलांची फार आठवण आली.

पोर्तुगीज आणि चर्च यांच्याबद्दलचा दावा तर इतिहासाला सरळ उलटा टांगतो. पोप बारावे क्लेमेंट यांनी 1738 मध्येच कॅथलिकांना मेसन होण्यास बंदी केली. लिस्बनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जॉन कूस्टोस याला मेसन म्हणून पकडले, छळले आणि 1744 मध्ये सक्तमजुरी ठोठावली. ज्या इन्क्विझिशनपायी आपल्या पूर्वजांनी देव उचलून नदीपार नेले, तिचाच हा व्यवहार! पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने 1935 मध्ये कायदा करून गुप्त संघटनांवर बंदी घातली. सरकारी नोकराला आपण अशा संघटनेत नाही असे लिहून द्यावे लागे. व्हॅटिकनने नोव्हेंबर 2023 मध्येही जुनी बंदी कायम असल्याचे सांगितले. बाटवायचे साधन असते तर चर्चने ते पावणेतीनशेहून अधिक वर्षे निषिद्ध का ठेवले असते?

आत येताना धर्माबद्दल ईश्वरावर श्रद्धा आहे का, एवढेच विचारतात. कुठला ईश्वर ते नाही. मी शपथ भगवद्गीतेवर हात ठेवून घेतली. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मनाई आहे. विवेकानंदांनी 1884 मध्ये कलकत्त्यात दीक्षा घेतली होती, मोतीलाल नेहरूही मेसन होते. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची मध्यवर्ती संस्था, 24 नोव्हेंबर 1961 रोजी स्थापन झाली, गोवामुक्तीच्या महिनाभरही आधी नाही. आईला मी हे सगळे सांगितले. घरचा देव्हारा आहे तिथेच आहे, हे तर ती रोज बघते.

नोकऱ्या-ठेक्यांचे म्हणाल, तर आर्थिक लाभासाठी येत नाही हे आधीच जाहीर करावे लागते. तरी ओळखी वाढवायला येणारे असतात, हे मी नाकारणार नाही.

एक आक्षेप संदेशात नाही, पण खरा आहे: आमच्या लॉजमध्ये स्त्रियांना सभासद होता येत नाही. 1723 च्या मेसनांच्या नियमावलीपासून हा नियम चालत आला, असे मी बहिणीला सांगितले. तिला ते पटले नाही, आणि मलाही ते उत्तर पुरेसे वाटत नाही.